नारिंगी दिव्याचा मान

राग येणं ही आमच्या गावात वाईट सवय समजली जाते. लवंगेच्या सिगारेटी चालतात, चकाट्या पिटणं चालतं, दुसऱ्याच्या कोंबड्याला खडा मारणंही एक वेळ चालतं. पण इंडोनेशियातल्या आमच्या मागेलांगमध्ये चारचौघांत आवाज चढवला की तो माणूस कामातून गेला. त्याला कुणी उलट बोलत नाही. सगळे खाली बघतात, हसतात आणि गोड चहा आणून देतात. मला आजवर पुष्कळ चहा मिळालेला आहे.

मी पाक मार्सुदी. सरकारी शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि गल्लीनं मला न विचारता चिटणीस केलं. (आमच्याकडे पुरुषाला पाक आणि बाईला इबू म्हटल्याशिवाय भांडणसुद्धा सुरू करता येत नाही.) माझी मुलगी वेनिंग नर्स आहे. तिला जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी हवी होती आणि त्यासाठी ती दोन वर्षं त्यांची भाषा घोकत होती. मुलाखत इंटरनेटवरून होती. ठरल्या दिवशी पडद्यावर तिघे जपानी आले, त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. वेनिंगही वाकली. तिनं डोकं वर केलं तेव्हा पडदा काळा होता, कारण पाक कुंचोरो इस्त्री करत होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर इस्त्रीचा आणि जपानचा संबंध काय असं वाटेल. पाक कुंचोरो हे आमचे आर.टी., म्हणजे सरकारमान्य गल्लीप्रमुख. गल्लीनं मिळून इंटरनेटची एकच जोडणी घेतली आहे. ती येते गल्लीच्या तोंडाशी, गस्तीच्या चौकीत. तिथून तार जाते समोरच पाक कुंचोरोंच्या ओसरीवर, तिथून गल्लीच्या वरच्या टोकाला माझ्या घरी. प्रत्येक ठिकाणी एकेक स्विच. स्विच म्हणजे भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. ही एक चपटी पेटी असते, तिच्यात एक तार येते आणि आजूबाजूच्या घरांना बऱ्याच जातात. आता पाक कुंचोरोंचं विजेचं मीटर अशक्त. भाताचा कुकर चालू, माशांच्या हौदाचा पंप चालू आणि वर इस्त्री लावली की मीटर खटकन पडतं. मीटर पडलं की त्यांची पेटी मेली, आणि ती मेली की आम्ही वरच्या टोकाचे सगळे मेलो. माझ्या मुलीचं भवितव्य त्या माणसाच्या सदऱ्याच्या घडीवर अवलंबून होतं.

मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं, चहा दिला आणि इस्त्री केलेल्या सदऱ्यात मला फाटकापर्यंत पोचवलं.

जपान्यांनी आणखी एक संधी दिली, ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळची. हीच शेवटची, हे दुभाष्यानं इतक्या गोड शब्दांत सांगितलं की वेनिंगला रडू यायला थोडा वेळ लागला. माझी बायको विनार्नी म्हणाली की मोबाइलवरून दे ना मुलाखत. घरात रेंज येत नाही, पण चौकीच्या बाकावर चांगली येते, असं वेनिंग हळूच म्हणाली. मी भडकलो. मुलाखत काय बाकावर बसून देतात? तिथं बकऱ्या येतात. बाप पदार्थविज्ञानाचा शिक्षक असताना मुलीनं बाकावर बसायचं? मी असा बंदोबस्त करणार होतो की पाक कुंचोरोंनी अख्ख्या गावाचे कपडे इस्त्रीला घेतले तरी माझ्या घरातलं इंटरनेट ढिम्म हलणार नाही.

"इंग्गिह, बापाक," वेनिंग म्हणाली.

इंग्गिह म्हणजे आमच्याकडचं अदबीचं हो. त्याचा अर्थ हो, बरं, बघू, मुळीच नाही आणि तुम्ही आता गप्प बसाल का, यांपैकी काहीही असतो. जन्म इथं गेला तरी मला तो ऐकताक्षणी कळत नाही, हे माझं दुर्दैव.

योजना सरळ होती. सगळ्या पेट्या एका रांगेत होत्या म्हणून मधली पडली की पुढचं बंद. तेव्हा दुसऱ्या बाजूनं आणखी एक वाट काढायची: चौकीतून इबू प्रिहातिनच्या घरी नवी पेटी, आणि तिथून माझ्या घरी तार. म्हणजे गोल पूर्ण. एक बाजू तुटली तरी दुसरी हजर. इबू प्रिहातिन या विधवा बाई लग्नाकार्याची जेवणं करून देतात. त्यांच्याकडे मोठमोठ्या भट्ट्या असल्यामुळे मीटर पैलवान आहे, आणि ते पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

पण तार गल्लीच्या कमानीवरून न्यावी लागणार होती आणि कमान आमच्या एकट्या गल्लीची नाही. तिच्यावर चार गल्ल्यांच्या वरच्या प्रमुखांचा अधिकार चालतो. ते म्हणाले, आधी तुमच्या आर.टी.ची संमती आणा. पाक कुंचोरो म्हणाले, वरचे हो म्हणाले की माझी संमती आहेच. या दोन घरांच्या मध्ये मी इतका हिंडलो की दोन्हीकडची कुत्री मला ओळखायला लागली. शेवटी वरचे प्रमुख स्वतः कमानीखाली येऊन उभे राहिले, वर बघत राहिले आणि म्हणाले, "मयताची छत्री अडकली तर?"

आमच्याकडे तिरडीवर छत्री धरून नेतात. प्रश्न रास्त होता, त्यामुळे मला अधिकच राग आला. मग मशिदीतून तिरडी आणवली, तिच्यावर तांदळाची पोती ठेवली, चौघांनी खांदा दिला आणि छत्री धरायला मी. भर दुपारी आम्ही ती पोती कमानीखालून तीनदा नेली. रस्त्यानं जाणारे थांबून डोक्यावरच्या टोप्या नीट करत होते. एका म्हातारीनं कोण गेलं म्हणून विचारलं, आणि माझं तोंड बघून तिनं मलाच धीर दिला. तार आणखी हातभर वर बांधायची या अटीवर परवानगी मिळाली.

मग गिलांग. गल्लीचं जाळं मुळात यानंच बांधलं. कामात हुशार, पण जो विचारेल त्याला हो म्हणण्याची खोड. आजचं काम परवावर गेलं तरी विचारावं तेव्हा तो वाटेवरच असायचा. आला एकदाचा. पेट्या जोडल्या, आणि गल्लीच्या बैठकीत सगळ्यांना समजावून सांगायला उभा राहिला, तिथं घात झाला.

गोल पूर्ण झाला की एक भानगड होते. समजा गल्लीत कुणी एक बातमी सोडली. ती या घरातून त्या घरात जात फिरून पहिल्याच माणसाकडे आली, तर तो काय म्हणतो? मी तर हे आत्ताच ऐकलं, असं म्हणून पुन्हा पुढे सांगतो. बातमी थांबतच नाही. पेट्यांचंही तसंच होतं. एकच निरोप गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक पेटी तो वाढवून पुढे देते, आणि त्या गदारोळात कामाचं एक अक्षर कुणाला पोचत नाही. म्हणून या पेट्या आपसांत ठरवून गोलातली एक तार बंद ठेवतात, आणि दुसरी कुठली तुटली की ती आपोआप चालू करतात. कोण चालू, कोण बंद, ते त्यांचं त्या बघतात. माणसानं हात लावायचा नाही.

हे सगळं गिलांगनं एका वाक्यात सांगितलं. "पाक कुंचोरोंची वाट काम करते," तो म्हणाला, "इबू प्रिहातिनची झोपलेली असते. म्हणून तिथला दिवा नारिंगी."

मी इबू प्रिहातिनकडे बघितलं. त्या हसत होत्या. आमच्या बाजूला बाई अशी हसली की शहाण्यानं घरी जावं. ज्या बाई कोंबडा आरवायच्या आधी नारळ खवायला बसतात, त्यांच्या घरची वाट झोपलेली. आणि जे पाक कुंचोरो दुपारी घोरताना फाटकापर्यंत ऐकू येतात, त्यांची जागी. पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी फक्त आमच्याकडे केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेंपर पाठवणं बंद केलं. पुढच्या आठवड्यात विनार्नी बातमी घेऊन आली की इबू प्रिहातिनची कंबर धरली आहे आणि स्वातंत्र्यदिनाचं गल्लीचं जेवण या वर्षी त्यांच्याच्यानं होणार नाही.

आता गल्ली हादरली. दरवर्षी सतरा ऑगस्टला सगळी गल्ली त्यांच्या हातचं जेवते. बैठक भरली. आमच्याकडे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चटईवर बसून राहायचं असतं. पाक कुंचोरोंनी सुचवलं की गस्तीच्या पाळ्या असतात तशा पेट्यांच्याही लावाव्यात, एक आठवडा यांचा दिवा हिरवा, एक आठवडा त्यांचा. कुणी म्हणालं नारिंगी दिव्यावर हिरवा कागद चिकटवा. मी उठून सांगितलं की नारिंगी दिवा हा कमी मानाचा नाही. तो अडीअडचणीला धावून येणारा दिवा आहे, आणि तो आहे म्हणून माझ्या मुलीची मुलाखत होणार आहे. मुलाखत होईपर्यंत कुणीही कुठल्याही तारेला बोट लावायचं नाही.

"इंग्गिह, पाक मार्सुदी," सगळे एका सुरात म्हणाले.

मी आनंदानं घरी आलो. एकमत झालं असं विनार्नीला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

सोमवार उजाडला. मी पहाटेच सगळ्या पेट्या बघून आलो. सगळं ठीक होतं, नारिंगी दिवा जागच्या जागी होता. वेनिंग पांढरा सदरा घालून बसली. कॅमेऱ्यात चुकून दिसलोच तर असावा म्हणून मी ठेवणीतला बाटिकचा सदरा चढवला. खाली लुंगीच होती, कारण तिथपर्यंत कॅमेरा येणार नव्हता. मुलाखतीला थोडासाच वेळ उरला, वेनिंगनं यंत्र उघडलं, आणि पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं.

माझ्या घरातल्या पेटीवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. सगळेच्या सगळे हिरवे. मी लुंगी सावरत गल्लीतून धावत सुटलो.

पाक कुंचोरोंच्या ओसरीवर पंधरावीस माणसं जमली होती. स्वातंत्र्यदिनाच्या लाल-पांढऱ्या पताका बांधायला शिडी लावलेली होती. वर पेटी लुकलुकत होती आणि सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. इबू प्रिहातिन लेंपरचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांची कंबर अगदी ताठ होती.

"बघा, पाक मार्सुदी," पाक कुंचोरो म्हणाले. "यांचेही हिरवे, आमचेही हिरवे. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. सकाळीच गिलांगला बोलावून ती झोपायची सवय बंद करून घेतली. आज वेनिंगचा मोठा दिवस. म्हटलं, आज गल्लीत कुणाचं मन दुखलेलं नको."

गिलांग कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो वाटेवर होता.

मग मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की तुमची मनं दुखू नयेत म्हणून माझ्या मुलीचं आयुष्य दुखावलंत. की गिलांगला ठाऊक होतं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, अख्ख्या गल्लीत ठाऊक नव्हतं ते फक्त मला. की मला नाही म्हणायची तुम्हाला भीड पडते, तोंडावर नाही म्हणा ना एकदा, मी काय खातो का तुम्हाला? सगळे खाली बघत होते. कुणीतरी आत चहा ठेवायला गेलं. त्यानं माझं डोकं आणखी फिरलं. मी शिडीवर चढलो आणि हाताला लागेल ती तार उपटली. पहिली निघाली ती माशांच्या पंपाची. दुसरी पताकांची दोरी होती, ती सुटून अख्खी माळ माझ्या गळ्यात पडली. तिसरी बरोबर निघाली. दिवे शांत झाले, पण मी झालो नाही. गळ्यात लाल-पांढऱ्या पताका, एका हातानं लुंगी आणि दुसऱ्या हातानं शिडी धरून मी गल्लीला आणखी बरंच काही ऐकवलं. बत्तीस वर्षं शिकवलेलं पदार्थविज्ञानही त्यात थोडं आलं.

बोलता बोलता माझं लक्ष समोर चौकीकडे गेलं. बाकावर पांढरा सदरा दिसला. वेनिंग आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिनं मोबाइल पुढ्यात उभा केला होता, आणि त्याच्या पडद्यावर तीन जपानी डोकी एका बाजूला कलून तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

शिडीवरून उतरलो की पडलो ते आठवत नाही. लेकीची शेवटची संधी, आणि तिच्यामागे मी. मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. इबू प्रिहातिननी माझ्या गळ्यातल्या पताका काढल्या आणि हातात चहा दिला. तो मी प्यायलो. ओसरीवर कुणी हललं नाही. वेनिंग बोलत राहिली, मधे एकदा हसली, मग खूप खोल वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं, झालं.

ती आमच्याकडे आली. डोळे ओले होते. "घेतलं," ती म्हणाली.

माझ्या मागोमाग धावत आलेली विनार्नी तिथंच मटकन बसली. मग वेनिंगनं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, मागे शिडीवरचे ते आजोबा कोण. ओळख नाही असं सहज सांगता आलं असतं, मी तेच सांगितलं असतं. ती म्हणाली, माझे वडील. मग त्यांनी विचारलं, तुमच्या देखरेखीखालच्या म्हाताऱ्या माणसाला असा राग आला तर तुम्ही काय कराल?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, आधी शांत व्हा असं म्हणायचं नाही, त्यानं राग वाढतो. आधी शिडीवरून उतरवायचं. मग गोड चहा द्यायचा. मग सगळं बोलून होईपर्यंत जवळ बसायचं, कारण राग ज्याच्यासाठी आलेला असतो त्याला त्या रागाची भीती वाटत नाही." ती डोळे पुसत हसली. "त्यांच्याकडे असे बरेच आजोबा आहेत म्हणे."

अख्खी गल्ली हसली. इबू प्रिहातिनचं ताट फिरलं. पाक कुंचोरो मला हळूच म्हणाले की म्हणजे एका परीनं आमची तार उपयोगीच पडली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते माशांची चौकशी करायला आत गेले.

घरी जाताना मी वेनिंगला विचारलं, बाकावर बसायचं कधी ठरवलंस. पहिल्याच दिवशी, ती म्हणाली. मोबाइल भरून ठेवला होता, इबूला, म्हणजे तिच्या आईला, सांगितलं होतं, बाकही पुसून ठेवला होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यासाठी तिरडीवर छत्री धरून चालला होतात, बापाक. कसं सांगू?"

यावर मला जो राग आला तो आजवरचा सगळ्यात मोठा होता. कमान, छत्री, पेट्या, बैठका. आणि माझ्या स्वतःच्या घरात माझ्या मुलीनं ते सगळं अडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवून दिलं होतं. कामाची वाट तिची, झोपलेली वाट माझी. मी तोंड उघडलं. ती जवळ उभी राहून माझं बोलून होण्याची वाट बघत होती, म्हणून मला काही बोलता आलं नाही.

गिलांग दोन दिवसांनी वाटेवरून आला. मान खाली घालून त्यानं झोपायची सवय पुन्हा चालू केली. मी त्याला एक विचारलं: ही झोपलेली बाजू इबू प्रिहातिनच्या पेटीऐवजी माझ्या पेटीवर आणता येईल का? येते म्हणाला, दोन आकडे बदलले की झालं. म्हणजे त्यांच्याकडे सगळे दिवे हिरवे, पाक कुंचोरोंकडे सगळे हिरवे, नारिंगी माझ्या घरात. हे तू बैठकीत का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला कसं म्हणणार, पाक, की नारिंगी तुमच्याकडे ठेवा?"

सतरा ऑगस्टचं जेवण झालं. पाक कुंचोरोंनी भाषणात वेनिंगच्या यशाबद्दल गल्लीच्या सहकार्याचे आभार मानले आणि माझं नाव पताका बांधणाऱ्यांत घेतलं. मी पाच चहा प्यायलो.

वेनिंगला जाऊन आता बरेच महिने झाले. दर रविवारी दुपारी ती पडद्यावर येते. परवा ती तिच्या विभागातल्या एका आजोबांबद्दल सांगत होती. ते सूप थंड असलं की वाडगा आपटतात, आणि फक्त तिच्याच हातून जेवतात. सांगता सांगता चित्र थबकलं. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मला लगेच कळलं. पाक कुंचोरोंना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. मी रागानं खुर्चीतून अर्धा उठलो. तेवढ्यात समोरच्या पेटीवरचा नारिंगी दिवा विझला आणि त्या जागी हिरवा लागला. वेनिंग हलायला लागली. मधे काही झालं हे तिला कळलंसुद्धा नाही.

"काय झालं, बापाक? उठलात का?"

मला सांगावंसं फार वाटलं. ती इस्त्री, तो दिवा, माझं म्हणणं कसं अक्षरशः खरं ठरलं ते. पण आजोबांनी वाडगा आपटल्यावर पुढे काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.